चुकीची नोंद

त्याने माझ्या मार्कशीटवर चहाचा कप ठेवला.

टेबलावर जागा नव्हती असं नाही. चांगलं ऐसपैस काचेचं टेबल होतं. पण मार्कशीट त्याच्या पुढ्यात होती, कप हातात होता, आणि त्याला तो तिथेच ठेवावासा वाटला. माझी नजर कपाकडे गेलेली त्याने पाहिली.

"लॅमिनेट केलीय ना? काय होतंय मग तिला," तो म्हणाला.

"हो सर," मी म्हटलं. आणि हसले.

कपाचा राग आता थोडा कमी झालाय. त्या हसण्याचा नाही झाला. बावीस वर्षांची, केमिस्ट्रीत कॉलेजात पहिली आलेली मुलगी. कुणीतरी तिच्या तीन वर्षांवर कप ठेवतो आणि ती दात दाखवते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि आपोआप आलं याचीच जास्त लाज वाटते.

कप उचलला तेव्हा खाली तपकिरी गोल उमटला होता. मी तो ओढणीने पुसला. त्याच्या देखत.

एक आधीच सांगून ठेवते. या माणसाला आमच्या घरात एकवीस वर्षं 'साहेब' म्हणत आले. साहेब आले, साहेब म्हणाले, साहेबांना विचारू. इथे मी त्याला 'तो' लिहिणार आहे. त्याचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा एक माणूस वाईट होता, बाकी सगळं ठीक आहे.

अंधेरीच्या एमआयडीसीत, चकाला मेट्रोपासून दहा मिनिटांवर, एक पाच मजली इंडस्ट्रियल इस्टेट आहे. पाचव्या मजल्यावर त्याची लॅब. पाणी, औषधांचा कच्चा माल, खायच्या वस्तू, असलं काय काय तपासून रिपोर्ट देणारी. आणि तळाला लिफ्ट. जुनी, जाळीच्या दाराची. दार हाताने ओढायचं, मग बटण दाबायचं. हे करायला लिफ्टमध्ये एका स्टुलावर खाकी शर्टातला एक माणूस बसायचा. ते माझे पप्पा.

पप्पा त्याला रोज वर न्यायचे आणि खाली आणायचे. मी चौथीत असताना पप्पांनी एकदा लिफ्टमध्ये धीर करून त्याला सांगितलं, साहेब, पोरगी वर्गात पहिली आली. तो म्हणाला, "वा. शिकव तिला, किसन. चांगले मार्क पडू देत. मग बघू आपण."

मग बघू आपण. या तीन शब्दांवर आमचं घर चाललं. पोटापाण्याचं नाही म्हणत मी, ते पप्पांच्या पगारावर आणि आईच्या पोळ्यांवर चालायचं. पण त्याच्या पलीकडे जे काही लागतं ना माणसाला जगायला, ते या तीन शब्दांवर.

त्यानंतर माझा प्रत्येक निकाल लिफ्टमध्ये जायचा. पप्पा मार्कशीट स्टुलाच्या गादीखाली ठेवायचे. साहेब आला की दार ओढायचं, बटण दाबायचं, गादी उचलायची. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी दहावी दाखवून व्हायची. बीएस्सीची पहिली सेमिस्टर, दुसरी, तिसरी. तो चष्मा वर करून बघायचा, म्हणायचा, "अजून वाढव म्हणावं." घरी येऊन पप्पा ते वाक्य पोळी मोडता मोडता मला सांगायचे. मी वाढवायचे.

लॅमिनेशनचं कारण हेच. गादीखाली घामाने कागद खराब व्हायचा. आणि आम्ही राहतो असल्फ्याच्या डोंगरावर, वरच्या अंगाला, पत्र्याच्या घरात. पाऊस असला की कुठला कागद कुठे ठेवायचा हा रोजचा प्रश्न. आमच्या गल्लीत पोरगं पास झालं की पेढ्यांच्या आधी लॅमिनेशन होतं. पायथ्याला झेरॉक्सवाला आहे, निकालाच्या दिवशी त्याच्याकडे रांग लागते. गरम प्लास्टिकमधून कागद बाहेर आला की बाप तो दोन्ही हातांनी धरून डोंगर चढतो, वाटेत चारजणांना दाखवतो. मग कागद भिंतीवरच्या कोटातल्या फोटोमागे जातो. आमच्याकडे महत्त्वाचं सगळं त्या फोटोमागेच असतं.

शेवटच्या सेमिस्टरला मला ओ ग्रेड मिळाली. सीजीपीए नऊ पॉइंट सहा. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी. पप्पांनी त्याच दिवशी लॅमिनेट केली.

आता तुम्ही म्हणाल, दुसरीकडे प्रयत्न केला नाहीस का? केला. मोठ्या औषध कंपन्यांचे फॉर्म ऑनलाइन असतात. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे साठ टक्के हवेत. बारावीला मला चोपन्न आहेत. त्या वर्षी आईचा हात मोडला होता, आणि घाटकोपर पूर्वेला तिची तीन घरं होती पोळ्यांची. कामं सुटू नयेत म्हणून ती मी केली, सकाळी सहा ते दहा, चार महिने. हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते. चोपन्न टाकलं की चौकट लाल होते आणि पुढचं पान उघडत नाही. माझं नऊ पॉइंट सहा पुढच्या पानावर होतं. तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही.

म्हणून मग पाचवा मजला.

त्या दिवशी पप्पांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली. स्वतःच्या. लिफ्टमध्ये मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि ते मला वर नेत होते. पाचव्याला दार ओढून म्हणाले, "जा. घाबरू नको."

बाहेर बाकावर ट्रेनीच्याच जागेसाठी आलेला आणखी एकजण होता. ईशान, मुलुंडचा. त्याच्या वडिलांची बाटलीबंद पाण्याची फॅक्टरी, त्यांची सॅम्पलं याच लॅबमध्ये तपासायला यायची. पोरगा वाईट नव्हता. माझा फोन बंद पडत होता तर स्वतःहून चार्जर दिला. माझी फाइल बघून म्हणाला, "अगं बापरे, नऊ सहा? यार, माझ्या तीन केट्या होत्या. एक तर अजून क्लिअर व्हायचीय. पण टेन्शन नको घेऊ, मार्क कोण बघतं आजकाल?"

तो मला धीर देत होता. मनापासून.

आत तो होता आणि लॅबच्या क्वालिटीच्या मॅडम होत्या. मॅडम लॅपटॉपमध्ये बघत होत्या. कप ठेवून झाल्यावर त्याने विचारलं, "किसनची ना तू? आडनाव काय तुमचं? इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही बघ."

मी सांगितलं.

"गाव?"

मी बुलढाण्याकडचं गाव सांगितलं.

"अच्छा." थोडं थांबून पुन्हा, "अच्छा, अच्छा."

मराठी माणसाला हे 'अच्छा' समजावून सांगावं लागत नाही. आडनावावरून कळलं नाही तर गाव, गावावरून नाही कळलं तर 'वरचं की खालचं'. त्याला दोन प्रश्नांत कळलं.

मग त्याने मार्कशीट उचलून उजेडात धरली. "हे मार्क कॅटेगरीतले का?"

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे सर?"

"म्हणजे तुम्हा लोकांना थोडे वाढवून मिळतात ना. मी आपलं विचारतोय. वाईट नको वाटून घेऊस."

मी म्हटलं, "सर, पेपरवर फक्त सीट नंबर असतो. नाव नसतं."

"अगं चिडतेस काय?" तो हसला. मॅडमकडे बघून हसला. मॅडम लॅपटॉपमध्येच होत्या. "आणि हे बघ, मार्कांना आम्ही इथे काही फार महत्त्व देत नाही. अ‍ॅटिट्यूड बघतो. चिडणारी माणसं लॅबमध्ये चालत नाहीत."

बारा वर्षं ज्याने मार्क मागितले तो म्हणत होता मार्कांना महत्त्व नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती गादी आली स्टुलाची. पप्पांचा हात ती उचलताना. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. मी मांडीवरची फाइल घट्ट धरून बसले.

शेवटी मॅडम बोलल्या. "सर, ट्रेनीच्या फाइलला ओरिजिनल तपासावं लागतं. हे लॅमिनेटेड चालत नाही, खाडाखोड कळत नाही त्यात." मग माझ्याकडे बघून, "ओरिजिनल लॅमिनेट करायचं नसतं, एवढं माहीत नाही का गं?"

नव्हतं माहीत. ज्यांच्या घरात आजोबांपासून सर्टिफिकेटं आहेत त्यांना हे माहीत असतं. आमच्या घरात ही पहिलीच होती.

"काढून आण," तो म्हणाला. "मग बघू आपण."

मी खाली आले. पप्पांनी विचारलं, "काय म्हणले साहेब?" मी म्हटलं, "प्लास्टिक काढून आणायला सांगितलंय." त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांना वाटलं झालं काम, प्लास्टिकपुरतं अडलंय.

संध्याकाळी पप्पांनी इस्त्री तापवली. मार्कशीटवर धुतलेला रुमाल अंथरला, वरून हलकेच फिरवली. आई म्हणत होती, झेरॉक्सवाल्याला विचारा आधी. पप्पा म्हणाले, त्याला घालता येतं, काढता कुठं येतं. एका कोपऱ्याने प्लास्टिक सुटलं. पप्पा म्हणाले, "निघतंय, निघतंय." नखाने, अगदी जपून, घाव भरल्यावर पट्टी काढतात तसं. मी कागद धरला होता, ते प्लास्टिक ओढत होते.

शाई प्लास्टिकबरोबर आली.

आधी विषय गेले. मग ग्रेड. मग खालची ओळ, नऊ पॉइंट सहा, ती प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकटून उलटी वर आली. माझ्या हातात उरला तो कागद नुसता पांढरा, मध्ये मध्ये खरवडलेला. वडिलांचं नाव तेवढं शाबूत राहिलं, माझं अर्धं गेलं.

पप्पांनी प्लास्टिक परत कागदावर ठेवून दाबून बघितलं. दोनदा. जसं काही बसेल. मग म्हणाले, "माझ्याच्यानं गेलं गं." आणि मी त्यांना 'असू दे' म्हटलं नाही. मला म्हणता आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता, लॅमिनेशनचा, इस्त्रीचा, गादीचा, त्या स्टुलाचा, त्या माणसाला एकवीस वर्षं साहेब म्हटल्याचा. तो राग कुणावरचा होता आणि कुणावर निघाला, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी पप्पा एकटेच भांड्यातल्या पाण्याने हात धूत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद, विद्यापीठाच्या साइटवरचा प्रिंट आणि कॉलेजचं पत्र घेऊन गेले. तो म्हणाला, प्रिंट चालत नाही, ओरिजिनल लागतं. डुप्लिकेट यायला महिने लागतात. मग जरा विचार केल्यासारखं करून म्हणाला, "असं कर. डुप्लिकेट येईपर्यंत ग्लासवेअरला ये. धुवायला बाई हवीच आहे मला. त्याला मार्कशीट लागत नाही."

ट्रेनीच्या जागेवर ईशान लागला होता. त्याची शेवटची मार्कशीट अजून छापलीच गेली नव्हती. त्याला सांगितलं होतं, आली की आण.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते लपवत नाही. दिवाळीनंतर इस्टेटमध्ये नवी लिफ्ट बसणार होती, आपोआप दार उघडणारी. तिला माणूस लागत नाही. तो कमिटीवर होता, आणि तो पप्पांना म्हणाला होता, "काळजी करू नको किसन, तुला गेटवर घेऊ." ग्लासवेअरला नाही म्हटलं असतं तर गेट गेलं असतं. शिवाय पप्पा म्हणाले, "आत तर शिरशील. आत शिरलं की कळतं माणसाची किंमत."

तर मी आत शिरले. बेसिनपाशी.

साबणाचं पाणी, मग नळाचं, मग डिस्टिल्ड. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, बीकर. रबरी हातमोजे कोपरापर्यंत. पहिल्याच दिवशी मॅडमनी ईशानला नोंदवहीचे नियम सांगितले. बेसिन तिथेच असल्यामुळे मलाही ऐकू आले. वहीच्या पानांवर छापील नंबर असतात, पान फाडायचं नाही. व्हाइटनर नाही, खोडरबर नाही. ज्याने टेस्ट केली त्यानेच 'विश्लेषक' या रकान्यात सही करायची. आणि चूक झाली तर गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला कारण, सही, तारीख. मॅडम म्हणाल्या, "नोंदवहीत खोटं लिहिणं म्हणजे चोरी, लक्षात ठेव." मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं त्या दिवशी.

ईशानला टायट्रेशन जमायचं नाही. पाणी किती जड आहे हे बघायची साधी टेस्ट. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. फ्लास्कमधला लालसर रंग जाऊन निळा आला की त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला तरी आकडा चुकतो. तीन वेळा करायचं आणि तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. त्याचे कधी जुळायचे नाहीत. त्याचा हात घाईचा, लक्ष फोनमध्ये.

दुसऱ्या आठवड्यात ईशान बेसिनपाशी आला. "यार, बघ ना जरा. वाट लागलीय माझी. मॅडम ओरडतील."

मी हातमोजे काढले. तीन वेळा केलं. तिन्ही आकडे जुळले.

मला तेव्हा आनंद झाला, हे पण लिहिलं पाहिजे. कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदा ब्युरेट हातात आली होती. तो निळा रंग येताना बघून मला रडू आलं. ईशान 'थँक्स यार, जान बचाई' म्हणाला आणि त्याने विश्लेषकाच्या रकान्यात सही केली. मी पुन्हा हातमोजे घातले.

मग ते रोजचं झालं. सकाळी मी धुवायचे, दुपारी ईशानची टायट्रेशन करायचे, तो आकडे लिहायचा, सही करायचा. मॅडम येता-जाता बघायच्या. एकदा आमची नजरानजर झाली. त्या पुढे गेल्या. नोंदवहीत खोटं लिहिणं म्हणजे चोरी म्हणणाऱ्या मॅडम.

असे अडीच महिने गेले. डुप्लिकेटचा अर्ज विद्यापीठात कुठल्या तरी खिडकीत पडून होता. पप्पा रोज विचारायचे, "साहेब काही बोलले का?"

मग एका दुपारी तो एका पाहुण्याला लॅब दाखवत फिरत होता. मोठं गिऱ्हाईक असावं, मॅडम मागे फाइल घेऊन. मी नुकतीच तीन रीडिंगं घेऊन बेसिनकडे परतले होते. ओट्यावर वही उघडी होती, आकडे लिहिलेले, सही व्हायची होती. तो ईशानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हा आमचा नवा अ‍ॅनालिस्ट. याच्याकडे मार्क-बिर्क काही नाहीत हं. पण हात बघा याचा. तीन रीडिंग, तिन्ही सेम. म्हणून मी मार्क बघतच नाही. मार्क काय, कुणालाही पडतात."

आणि बेसिनकडे हात करून, "ही बघा. आमच्या लिफ्टमनची पोरगी. कॉलेजात टॉपर. काय उपयोग? भांडी धुतेय."

पाहुणा हसला. सभ्यपणे, थोडंसं.

मी पुन्हा हसते की काय, असं मला वाटलं. तोंड तयार होत होतं. खरंच सांगते, ओठ हलायला लागले होते. ते मला कळलं आणि मी ओठ आवळले. हा हात बघा. कुणाचा हात? माझा हात साबणाच्या पाण्यात होता.

मी हातमोजे काढले. ओट्यापाशी गेले. खिशातलं पेन काढलं आणि विश्लेषक या रकान्यात सही केली. सही कसली, पूर्ण नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. आडनाव जरा मोठंच. खाली तारीख आणि वेळ.

"काय करतेयस तू?" तो म्हणाला.

"सर, ही तीन रीडिंगं माझी आहेत."

"ईशान?"

ईशान फोनकडे बघत होता. फोन बंद होता. "यार, तू पण ना," एवढंच तो पुटपुटला.

"मॅडमना विचारा," मी म्हटलं. "अडीच महिन्यांची माझी आहेत."

मॅडमनी फाइल छातीशी धरली.

"खोड ते," तो मला म्हणाला.

"नाही."

इतका छोटा शब्द आहे. बावीस वर्षांत मी तो अशा माणसासमोर कधी उच्चारला नव्हता. माझ्या आधी घरात कुणी उच्चारला असेल तर मला माहीत नाही.

"ईशान, व्हाइटनर आण."

तेव्हा मॅडम बोलल्या, सवयीने, पाहुण्यासमोर नियम म्हणून. "सर, व्हाइटनर चालत नाही. पानाला नंबर आहे. एकच रेघ. आणि कारण लिहावं लागतं."

त्याने माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. माझ्या नावावर रेघ मारली. बाजूला कारण लिहायला थांबला. पाहुणा बघत होता. काय लिहिणार? हिने टेस्ट केली नाही असं लिहिलं तर ते खोटं, आणि केली असं लिहिलं तर मागचे अडीच महिने गेले. शेवटी त्याने लिहिलं, 'चुकीची नोंद'. खाली सही, तारीख.

माझं नाव रेघेखाली स्वच्छ वाचता येत होतं. नियमच तसा आहे.

"उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. मी जिने उतरून खाली आले. लिफ्टने यायचं धाडस झालं नाही. चार दिवसांनी कमिटीने पप्पांना कळवलं, गेटवर एजन्सीची माणसं घेणार आहेत. दिवाळीनंतर नवी लिफ्ट आली. पप्पांनी स्टूल घरी आणायचं ठरवलं, तर कमिटीवाले म्हणाले, ते इस्टेटच्या मालकीचं आहे.

पप्पा माझ्याशी बोलेनात. एकदाच बोलले, ते असं: "एका सहीपायी माझी एकवीस वर्षं घालवलीस." मी म्हटलं, "पप्पा, ती त्याने घालवली." ते म्हणाले, "तुला काय कळतंय." आई मधे पडली नाही. तिच्या घरांपैकी दोन घरी आता मीपण जाते पोळ्यांना. पप्पा साकीनाक्याला एका गोडाउनवर बसतात, बारा तास, निम्म्या पगारात. यात काही चांगलं नाही. कुणी मला शाबासकी दिली नाही. त्या लॅबचं काही बिघडलं नाही, पाण्याचे रिपोर्ट अजून निघतात, खाली ईशानची सही असते. ती वही कपाटात गेली असेल. तिच्यातलं ते पान कुणी उघडणार नाही, हे मला माहीत आहे.

बऱ्याच दिवसांनी एकदा जेवताना पप्पांनी ताटातून मान वर न काढता विचारलं, "पूर्ण नाव लिहिलं होतंस?"

"पूर्ण."

"माझं धरून?"

"हो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी त्यातून काही अर्थ काढत नाही.

आमच्या मंडळाने यंदा चौदा एप्रिलच्या गुणगौरवाला मला बोलायला सांगितलंय. दहावी-बारावीच्या पोरांना दोन शब्द. पोरं विचारतातच, ताई, नोकरीला मार्क लागतात का? मी त्यांना खोटं सांगणार नाही. कमी असले तर लागतात. तेव्हा ते बरोबर मोजतात, एकेक टक्का. जास्त असले की मोजणं बंद करतात आणि आडनाव विचारतात. म्हणून मार्क पाडा, भरपूर पाडा, त्यांना लाल चौकट दाखवायची संधी देऊ नका. पण मार्कांनी दार उघडेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लॅमिनेशन करू नका. आणि बापाला कुणाच्या लिफ्टमध्ये निकाल दाखवू देऊ नका. हे टाळ्या घेणारं भाषण नाही. मंडळाला नको असेल तर त्यांनी दुसरं कुणी बघावं.

डुप्लिकेट मार्कशीट गेल्या महिन्यात आली. फोटोमागे साध्या पाकिटात आहे. ती घेऊन मी दोन लॅबमध्ये जाऊन आले. दोन्हीकडे त्यांनी मला सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाले, तुला काही विचारायचंय? मी विचारलं, "मी केलेल्या कामाखाली सही माझी असेल ना?" दोघांनीही मला विचित्र नजरेने पाहिलं. दोघंही म्हणाले, कळवतो. कुणी कळवलं नाही.

उद्या तिसरीकडे जायचंय, बोरिवलीला. तिथेही बहुधा कळवतोच म्हणतील.

तिथे मी शेवटापर्यंत थांबणार नाही. बसल्या बसल्या, त्यांनी आडनाव विचारायच्या आधी, हाच प्रश्न मी विचारणार आहे. आणि टेबलावर चहा आला तर मार्कशीट उचलून हातात धरणार आहे.